एका रात्रीत उगवलेली बाग : स्वेतलोगोर्स्क, १६ मे १९७२

तृणमणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हा विषय बरीच वर्षं मनात आहे. दर मे महिन्यात लिहायला बसते आणि अर्ध्यावर सोडून उठते. आज पुरतं लिहिते.

मी डॉक्टरकीचं शिक्षण रशियात, कॅलिनिनग्राडला घेतलं. दुसऱ्या वर्षी आम्ही चौघी मुली एका रविवारी स्वेतलोगोर्स्कला गेलो होतो. तिकडच्या लोकलला 'इलेक्त्रीच्का' म्हणतात, तिनं तासाभराचा प्रवास. बाल्टिक समुद्राच्या काठी कड्यावर वसलेलं हे छोटं शहर. १९४५ पर्यंत ते जर्मनांचं होतं, तेव्हा त्याचं नाव राउशेन. पाइनची उंचच उंच झाडं, जर्मन काळातली कौलारू घरं, खाली वाळूवर उतरायला जिने. महाबळेश्वर उचलून गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर ठेवलं तर कसं दिसेल, तसं काहीसं. विश्रांतीला आणि उपचारांना येणाऱ्यांसाठी गावभर सॅनेटोरियमं.

हिंडता हिंडता झाडीत एक लहानसं प्रार्थनामंदिर लागलं. दाराशी फुलं होती आणि फुलांजवळ मुलांची खेळणी. एक कापडी अस्वल पावसात भिजून जड झालेलं. आमच्यासोबत आलेली रशियन मैत्रीण तिथे थांबली, क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "इथे बालवाडी होती." पुढे ती स्टेशनापर्यंत फारसं बोलली नाही. बाकीचं मी नंतर तुकड्या-तुकड्यांनी समजून घेतलं.

१६ मे १९७२, मंगळवार. सोव्हिएत बाल्टिक आरमाराचं एक एएन-२४ जातीचं वाहतूक विमान ख्राब्रोवोच्या धावपट्टीवरून दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला उडालं. रेडिओ उपकरणांची तपासणी करायची होती, नेहमीचं काम. विमानात आठ जण. समुद्रावर दाट धुकं होतं. समुद्राकडून किनाऱ्याकडे येताना विमान असायला हवं त्यापेक्षा पुष्कळ खाली आलं होतं. कड्यावरच्या पाइनच्या झाडावर ते आदळलं, पंख मोडला, तसंच शे-दोनशे मीटर पुढे फरफटत गेलं आणि सॅनेटोरियमच्या बालवाडीवर कोसळलं. मुलं नुकतीच बाहेर फिरून आली होती. जेवायला बसली होती. टाक्यांमधल्या इंधनानं पेट घेतला.

विमानातले आठही जण गेले. बालवाडीतली वीसहून जास्त मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका गेल्या. एवढ्याशा शहरात एका दुपारी तीसहून जास्त माणसं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते.

सैनिकांनी आणि खलाशांनी जागेला वेढा घातला. रात्रभर ढिगारा उपसला. उरलेल्या भिंती पाडल्या, विमानाचे तुकडे नेले, जळलेली माती उचलली. सकाळी लोक आले तेव्हा तिथे फुलांचे ताटवे होते. बालवाडी नव्हती, तिचा पायासुद्धा दिसत नव्हता. आदल्या दिवशी ज्या आईनं लेकराला त्या दारात सोडलं होतं तिला दुसऱ्या दिवशी ते दारच सापडलं नाही.

मुलांना एकत्र पुरलं. त्या दिवशी कॅलिनिनग्राडहून येणाऱ्या इलेक्त्रीच्का बंद ठेवल्या, बाहेरून गर्दी येऊ नये म्हणून. तरी हजारो माणसं जमली. वर्तमानपत्रात एक ओळ नाही, रेडिओवर एक शब्द नाही. पुढची जवळजवळ वीस वर्षं हे प्रकरण छापील जगात घडलंच नव्हतं. ते प्रार्थनामंदिर १९९४ मध्ये उभं राहिलं, देश बदलल्यावर.

सोव्हिएत काळात छापायच्या प्रत्येक गोष्टीवर 'ग्लावलित' नावाच्या खात्याची नजर असे. हे खातं १९२२ पासूनचं. काय छापायचं नाही याची त्यांच्याकडे यादीच असायची, आणि सैन्याच्या हालचालींपासून अपघात-दुर्घटनांपर्यंत सगळं त्या यादीत बसायचं. त्यात कॅलिनिनग्राड म्हणजे आरमाराचा बालेकिल्ला, परदेशी माणसाला त्या प्रांतात पाऊल टाकायची बंदी. शिवाय वेळ कोणती पाहा. सहाच दिवसांनी, २२ मे रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन मॉस्कोत उतरणार होते.

मला विमान लपवल्याचं दुःख नाही वाटत. दुःख वाटतं ते रेल्वे बंद केल्याचं. मामा, आत्या, आजी कॅलिनिनग्राडच्या फलाटावर उभ्या असतील आणि गाडी येत नसेल. आपल्याकडे मयताला खांदा द्यायला वैरीसुद्धा येतो. तिथे सख्ख्या माणसांना पोचू दिलं नाही. मूल गेलं हे सरकारला परत देता येणार नव्हतं, पण रडायला माणसं जमू देणं तर त्याच्या हातात होतं ना?

---

गोदाकाठची_ताई

तृणमणी, वाचून बराच वेळ हात थिजला. मी तेवीस वर्षं बालवाडी चालवते. जेवणाची वेळ म्हणजे आमच्याकडे सगळ्यात गोंगाटाची. डबा उघडून दे, याला भात नको, तिला पाणी हवं. त्या वेळी दारं लावलेली असतात, मुलं एका खोलीत असतात, कुणी पळायच्या तयारीत नसतं. त्या बायकांच्या मनात शेवटच्या क्षणी काय आलं असेल ते मी सांगू शकते. दोन हातांत किती मुलं मावतील, एवढंच.

---

लोहगावकर

मी वायुसेनेत इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एएन-३२ वर हयात गेली. एएन-२४ म्हणजे त्याच घराण्यातलं थोरलं भावंड, तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा मला हक्क आहे असं समजतो.

पुढे बाहेर आलेल्या माहितीत एक गोष्ट सांगितली जाते. त्या विमानात बसवलेला उंचीमापक आयएल-१४ या जुन्या विमानातून काढलेला होता आणि तो नव्या जागी नीट तपासला गेला नाही. नंतर चाचण्या घेतल्या तेव्हा ६०-७० मीटरचा फरक दिसला, असं म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटेल, काटा तो काटा, इथला काढून तिथे लावला तर काय बिघडलं? सगळं बिघडलं.

उंचीमापक उंची मोजत नाही. तो हवेचा दाब मोजतो, वर जावं तसा दाब कमी होतो, त्यावरून काटा उंची दाखवतो. हा दाब घ्यायला विमानाच्या अंगावर बारीक छिद्रं असतात. प्रत्येक जातीच्या विमानात ती वेगळ्या ठिकाणी, वेग वेगळा, अंगावरून हवा वाहण्याची तऱ्हा वेगळी. म्हणून प्रत्येक विमानाची स्वतःची ठरावीक चूक असते आणि तिचा दुरुस्ती तक्ता असतो. एका विमानाचं यंत्र दुसऱ्यात घालायचं तर आधी ते टेस्ट बेंचवर चढवायचं, मग त्या विमानाचा तक्ता लावायचा. आम्ही सही करायचो तेव्हा सिनिअर एकच वाक्य बोलायचे, "सही करतोयस तर त्या विमानात तुझा पोरगा बसलाय असं समजून कर."

धुक्याचंही सांगतो. मे महिन्यात जमिनीवरची हवा तापलेली असते आणि बाल्टिकचं पाणी अजून गार. ती उबदार हवा गार पाण्यावर सरकली की धुक्याची भिंत उभी राहते. वैमानिकाला पाणी दिसत नाही, कडा दिसत नाही, फक्त काटा दिसतो. आणि काटा खोटं सांगत असेल तर?

त्या आठ जणांबद्दलही वाईट वाटतं. कड्यावरचं झाड समोर येईपर्यंत आपण सुखरूप उंचीवर आहोत अशीच त्यांची समजूत असणार.

---

सीमारेषा

लेख चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडायलाच हवी. शीतयुद्धाचा काळ, आरमाराचं मुख्य ठाणं, समोर नाटो. आपलं विमान कशानं पडलं, यंत्रं किती बिघाडाची, हे शत्रूला कळू देणं म्हणजे आत्मघात. प्रत्येक देश सैनिकी बाबी गुप्त ठेवतो, आपणही ठेवतो. भावनेच्या भरात त्या काळच्या निर्णयांना आजच्या फुटपट्टीनं मोजू नये. माझे वडील फौजेत होते. ते कुठे आहेत हे आईला सहा-सहा महिने कळत नसे. आम्ही तक्रार केली नाही.

---

तृणमणी

सीमारेषा, तुमच्या आईंनी जे सोसलं त्याबद्दल मनापासून आदर आहे. आणि तुमचा मुद्दा टाकाऊ नाही म्हणून सविस्तर उत्तर देते.

उंचीमापक कोणत्या विमानातून काढला, तपासणी कुणी चुकवली, रेडिओ उपकरणं कोणती होती, हे गुप्त ठेवा. मला मान्य. पण वीसेक मुलांची नावं कोणतं सैनिकी गुपित होती? अमक्याची मुलगी पाच वर्षांची होती आणि ती १६ मेला गेली, हे वाचून नाटोला काय कळणार होतं? तुमच्या आईंना वडील कुठे आहेत ते कळत नव्हतं, पण ते आहेत हे सांगायला त्यांना कुणी बंदी केली नव्हती. इथे मूल होतं हेच बोलायची चोरी झाली.

आणखी एक, डॉक्टर म्हणून. गेलेल्याचं दुःख बोलून, चारचौघांत रडून हलकं होतं हे आपल्या दहाव्या-तेराव्याच्या रीतींना केव्हाचं माहीत आहे. ज्यांना ते करू दिलं जात नाही त्यांचं दुःख जुनं होत नाही, ताजंच राहतं. माझ्याकडे असे रुग्ण येतात. चाळीस वर्षांपूर्वीचं बोलताना काल घडल्यासारखं बोलतात.

आणि लोहगावकर काका, तुमचा प्रतिसाद वाचून वाटलं की लपवण्याचा तोटा सैन्यालाही झाला असणार. चूक उघड झाली की इतर ठिकाणचे फिटर सावध होतात. दडपली तर पुढच्या तळावर तीच चूक पुन्हा.

---

लोहगावकर

तृणमणी, अगदी बरोबर. आमच्याकडे एखादा प्रसंग घडला की दुसऱ्या तळांवर सूचना यायची, हे तपासा, ते तपासा. ती खात्यातल्या खात्यात असे, वर्तमानपत्रात नसे, पण असे. आणि विमान वस्तीवर पडलं तर लपत नाही, लपवूही नये. ३ मे २००२ ला जालंधरमध्ये मिग-२१ एका बँकेच्या इमारतीवर पडलं. आठ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी देशभर बातमी होती. आम्हाला लोकांची बोलणी बसली, मान खाली घालून ऐकली. ऐकायलाच हवी होती. त्या बोलण्यांमुळेच तर प्रश्न विचारले गेले.

---

माझगावची_लेक

हे वाचताना सारखी आजीची आठवण येत होती. विमान नव्हे, पण सेन्सॉरनं झाकलेलं आख्खं शहर मुंबईनंही पाहिलंय.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकाइन जहाज. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, त्याच्या जोडीला कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली, चारनंतर दोन प्रचंड स्फोट. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. आज देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

आजी तेव्हा चौदा वर्षांची. गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवर जळता कापूस पडला, असं ती सांगायची. मांडवी, मस्जिद बंदर भागातली माणसं पोटाशी मुलं धरून रस्त्यावर. आणि वर्तमानपत्रात? युद्धकाळाची सेन्सॉरशिप. ज्या शहराच्या डोळ्यांसमोर आभाळ लाल झालं होतं त्याला आपलीच बातमी वाचायला मिळेना. जपानच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओनं मात्र दुसऱ्याच दिवशी सविस्तर सांगून टाकलं. इथल्या सरकारनं छापायला परवानगी दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात.

म्हणजे शत्रूला आधी कळलं आणि गिरगावातल्या माणसाला नंतर. सीमारेषा, गुप्ततेचा हा हिशेब मला आजवर जमलेला नाही. आजीची एक मावशी त्या दिवसानंतर सापडली नाही. पंधरा दिवस घरचे जेजे, जीटी अशा इस्पितळांतून हिंडत होते. नावांची यादी कुठे लागली आहे का, एवढंच विचारत.

---

समुद्रपार

मी क्वीन्सलंडमध्ये, मकाय शहरात राहतो. इथल्या मंडळातल्या मुलांना घेऊन दर वर्षी एका स्मारकापाशी जातो म्हणून लिहावंसं वाटलं.

मकायच्या दक्षिणेला बेकर्स क्रीक. १४ जून १९४३ ला सकाळी अमेरिकेचं बी-१७ बॉम्बर इथून उडालं. न्यू गिनीच्या आघाडीवरून सुट्टीवर आलेले सैनिक परत निघाले होते. उडाल्यावर काही मिनिटांत ते पडलं. ४१ जणांपैकी एक वाचला. आजही ऑस्ट्रेलियातला हा सगळ्यात जीवघेणा विमान अपघात आहे. युद्ध चालू, अमेरिकन सैन्य कुठे आहे ते कळू नये म्हणून सेन्सॉर. घरच्यांना कळवलं ते एवढंच, की तुमचा मुलगा नैर्ऋत्य पॅसिफिकमध्ये विमान अपघातात गेला. कुठे, कसा, कुणाबरोबर, काही नाही. स्मारक १९९२ मध्ये झालं. तोवर आई-बाप बहुतेकांचे गेलेले.

हे लिहायचं कारण, हा रोग एकट्या सोव्हिएतांचा नव्हता. पण फरकही आहे. इथे युद्ध संपल्यावर झाकण हळूहळू उघडता आलं, उघडणाऱ्याला तुरुंगाची भीती नव्हती. स्वेतलोगोर्स्कला तर १९७२ मध्ये युद्धच नव्हतं.

---

पानगळ

तृणमणी, सोव्हिएत इतिहास हा माझा वाचनाचा विषय, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली, विमान अपघात लपवला जायचा तसा कधी खोटा विमान अपघात सांगितलाही जायचा. २४ ऑक्टोबर १९६० ला बायकोनूरमध्ये आर-१६ क्षेपणास्त्र उड्डाणाआधीच तळावर पेटलं, कित्येक तंत्रज्ञ होरपळून गेले. क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेदेलिनही त्यात होते. जाहीर काय केलं? मार्शल विमान अपघातात गेले. बाकीच्यांचा तर उल्लेखच नाही. खरं छापून आलं १९८९ मध्ये.

दुसरी, ६ डिसेंबर १९९७, इर्कुत्स्क. सैन्याचं अवाढव्य एएन-१२४, पोटात व्हिएतनामला निघालेली दोन सुखोई-२७. उडाल्याबरोबर इंजिनं बंद पडली आणि ते राहत्या इमारतींवर कोसळलं. जवळच्या अनाथालयालाही झळ लागली. ७२ माणसं गेली. पण त्या संध्याकाळी रशियाभर दूरचित्रवाणीवर तो जळता मोहल्ला दिसला, नावं छापली गेली, माणसं फुलं घेऊन आली. तोच देश, तसंच सैन्याचं विमान. मधल्या पंचवीस वर्षांत एवढंच झालं होतं, की १९९० च्या वृत्तपत्र कायद्यानं पूर्वपरवानगीची सेन्सॉरशिप उठवली होती. एका कायद्यानं आईला रडायची मुभा मिळते हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

---

गोदाकाठची_ताई

मला राहवत नाही म्हणून पुन्हा लिहिते. मागच्या वर्षी, २१ जुलै २०२५ ला, ढाक्याला बांगलादेशच्या वायुदलाचं लढाऊ विमान माइलस्टोन शाळेवर पडलं. तीसहून जास्त जीव गेले, बहुतेक लहान मुलं. दुसऱ्या दिवशी तिथली पोरं रस्त्यावर उतरली होती. मागणी काय, तर मेलेल्यांची आणि जखमींची खरी यादी नावांसकट द्या. मला आधी कळेना, सगळी बातमी तर टीव्हीवर दिसतेय, मग हे काय मागतायत. आता हा धागा वाचून कळलं. हजेरीपटात जेवढी नावं तेवढ्यांचा हिशेब लागेपर्यंत वर्ग सुटत नाही. सहलीला नेलं तर बसमध्ये मी तीन वेळा मोजते.

---

सीमारेषा

सगळं वाचलं. माझगावची_लेक यांच्या आजीच्या मावशीचं वाचून गप्प झालो. यंत्राची माहिती गुप्त राहावी हे माझं मत अजून तेच आहे. पण नावांची यादी आणि अंत्यविधीची वाट, या दोन गोष्टी गुप्ततेत येत नाहीत, हे मान्य. रेल्वे बंद करण्याचं समर्थन मला सुचलं नाही. दोन दिवस विचार केला.

---

उदगीरहून

तृणमणी ताई, माझा भाचा याच वर्षी कॅलिनिनग्राडला वैद्यकीयला लागलाय. त्याला हा धागा पाठवला. तो म्हणतो, मावशी, मी १६ मेला जाऊन येतो. त्याला भाषा अजून नीट येत नाही. कसं जायचं, काय न्यायचं, तिथे आपण गेलेलं चालतं का? जरा सांगाल का?

---

तृणमणी

उदगीरहून, चालतं म्हणजे काय, जरूर जाऊ दे. कॅलिनिनग्राडच्या दक्षिण स्टेशनावरून स्वेतलोगोर्स्क-२ ची इलेक्त्रीच्का घ्यायची. उतरल्यावर कुणालाही 'चासोव्न्या' (म्हणजे ते प्रार्थनामंदिर) एवढं विचारलं तरी दाखवतील, वयस्कर बायका तर सोबत चालत येतात. टोपी घातली असेल तर दारातच काढायला सांगा. जाकीट बरोबर असू दे, मेमध्येसुद्धा समुद्रावरून बोचरा वारा येतो.

फुलांचं मात्र नीट सांगून ठेवा. तिकडे जिवंत माणसाला विषम संख्येत फुलं देतात आणि गेलेल्याला सम. मला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा एकटी गेले तेव्हा स्टेशनाबाहेर एका म्हाताऱ्या बाईकडून तीन गुलाब घेतले. तिनं विचारलं, वाढदिवस आहे का कुणाचा? मी तोडक्यामोडक्या रशियनमध्ये म्हटलं, नाही, मुलांकडे चाललेय. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बादलीतून आणखी एक गुलाब काढला, दांडीचं पाणी ओच्याला पुसलं आणि त्या तिघांत ठेवला. त्याचे पैसे तिनं घेतले नाहीत.